उजळणी इयत्तेची नको, पोराची करा

शेजारच्या चौथीतल्या पोराला आज संध्याकाळी जवळ बसवा आणि त्याच्याच पुस्तकातला धडा वाचायला सांगा. धडाधड वाचेल. मग मधल्याच एखाद्या ओळीतल्या शब्दावर बोट ठेवून विचारा, ‘हा कोणता शब्द?’ बरीच पोरं इथं गप्प होतात. कारण धडा वाचलेला नसतो, पाठ झालेला असतो. वर्गात सगळ्यांच्या सुरात सूर मिसळला की हे झाकून जातं.

ग्रामीण भागातला ‘असर’ सर्व्हे मुलाला घरी गाठून हेच तपासतो. अक्षरं, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट, बस्स. २०२४च्या अहवालात देशभरातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी ४८.८ टक्के निघाली. उरलेली निम्मी पोरं त्याच वर्गात बसून इतिहास, विज्ञान आणि शाब्दिक गणितं ‘शिकतायत’.

आपल्या बीडमध्ये यात उसाची भर पडते. दिवाळीच्या मागंपुढं गावं रिकामी होतात आणि शाळेचं दुसरं सत्र नेमकं तेव्हाच सुरू होतं. आजी-आजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या पोरांची शाळा कशीबशी चालते. फडावर गेलेल्यांचं अख्खं सत्र जातं. मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तोवर वर्ग पुढं गेलेला असतो. जूनमध्ये इयत्ताही बदलते. असं तीन-चार हंगाम झाले की पोरगं स्वतःच म्हणायला लागतं, ‘मला नाही येत शाळा.’ कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तेव्हा शाळा सुटलेल्या पोरीचं पुढं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

यावर आपल्याकडं ठरलेला उपाय म्हणजे उजळणी. पण कशाची? बहुतेक वेळा मागच्या इयत्तेची. कोरोनाच्या काळात, २०२१मध्ये, ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला, तोही इयत्तेप्रमाणेच आखलेला. पाचवीतल्या पोराला चौथीचं परत दिलं. त्याची गाडी पहिलीच्या वेलांटीपाशी अडकली असेल तर चौथीचं देऊन काय उपयोग? आधी पोरगं कुठं अडलंय ते शोधायचं आणि तिथूनच सुरुवात करायची. वर्ग कोणताही असू दे.

अडायच्या जागा तशा ठरलेल्या आहेत. एकटा ‘र’ घ्या. ‘क्रम’मध्ये तो पायाशी तिरपा, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘राष्ट्र’मध्ये खाली टोपीसारखा, ‘सुऱ्या’मध्ये आणखी वेगळाच. बाराखडी घोकलेल्या पोराला हे चार वेगवेगळे प्राणी वाटतात. कुणीतरी शेजारी बसून, एकेक शब्द दाखवून, ‘हे बघ, हाच तो र’ असं सांगावं लागतं. पन्नास पोरांच्या, त्यातही दोन इयत्ता एकत्र असलेल्या वर्गात ते होत नाही. त्याला गुरुजींचा आळस म्हणणाऱ्यांनी एक दिवस तो वर्ग सांभाळून बघावा.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. आपल्या पोरांचं ‘लेखन’ म्हणजे फळ्यावरचं वहीत आणि गाइडातलं पेपरात. त्याऐवजी फडावरून आलेल्या पोराला आधी बोलतं करा. कोपी कशी बांधतात, मोळी कशी आवळतात, वाढं कुणाला विकतात, मुकादम उचल देताना काय बोलतो, हे त्याच्याइतकं तुम्हा-आम्हाला माहीत नाही. ते जे बोलेल तेच त्याच्यासमोर कागदावर उतरवा आणि त्यालाच वाचायला द्या. शब्द ओळखीचे असतात, त्यामुळं अक्षरं लवकर सापडतात. आणि कृपा करून त्याच्या बोलीला हसू नका, पहिल्याच दिवशी ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावू नका. प्रमाण भाषा त्याला यायलाच हवी, पण तिच्यापर्यंतचा रस्ता त्याच्या घरच्या बोलण्यातूनच जातो. अंबाजोगाईला समाधी असलेल्या मुकुंदराजांना आपण मराठीचे आद्यकवी म्हणून मिरवतो, ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा स्टेटसही ठेवलं. त्याच तालुक्यातल्या पोराला ते स्टेटस वाचता येतं का, हेही एकदा बघू.

आता तुमचा प्रश्न: आम्ही काय करायचं? एनएसएसला नाव घातलंय ना? वर्षाला १२० तास भरायचे असतात, वर दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. त्यात आपण काय करतो? प्रभातफेरी, खराटे, वृक्षारोपण, गटाचा फोटो. गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात यंदाचं रोप! त्यातले निम्मे तास दोन पोरांना द्या. रोज अर्धा तास धरला तर १२० दिवस होतात. डी.एड.ची गरज नाही, बोटाखालचा शब्द आणि थोडा धीर पुरतो.

वेळ मात्र हंगामाकडं बघून निवडा. आपली शिबिरं बहुतेक डिसेंबर-जानेवारीत पडतात, तेव्हा ज्यांना गरज आहे ती पोरं गावात नसतात. ती भेटतात एप्रिल ते जून. तुमची परीक्षा संपलेली असते, त्यांची शाळा बंद असते, दुपारभर सगळे मारुतीच्या पारावरच असतात. सुट्टी लागायच्या आत शाळेतल्या बाईंना किंवा सरांना एकदा भेटून घ्या, कोणाला कुठं अडतं ते त्यांना नावानिशी माहीत असतं. सोबत जुनी गोष्टींची चार पुस्तकं आणि एक कोरी वही घ्या. पाठ्यपुस्तक नका नेऊ, ते पोराला पाठ आहे.