घाटातील महामार्ग आणि वन्यजीवांची वाट

कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट आपणा सर्वांना परिचित आहे तो वाहतुकीच्या कोंडीमुळे. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने येथून अवजड वाहनांना बंदी केली. घाटाखालून बोगदा काढण्याचा विषयही अनेक वर्षे चर्चेत राहिला. या साऱ्या चर्चेत एक गोष्ट मात्र मागे पडते : हा महामार्ग १९८६ साली घोषित झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यातून जातो.

मार्च २०२१ मध्ये या अभयारण्यात वाघाचे छायाचित्र मिळाले. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर येथून तो शेते, वस्त्या आणि अनेक रस्ते ओलांडून येथवर आला होता. नव्या अधिवासाच्या शोधात निघालेल्या अशा प्राण्यांची वाट रस्त्यांमुळे खंडित होते. वाहनाच्या धडकेने होणारे मृत्यू आपल्याला दिसतात. पण गोंगाट व प्रखर दिव्यांना बिचकून प्राणी रस्ता ओलांडणेच सोडतात, त्यांचे कळप एकमेकांपासून तुटतात आणि पुढील पिढ्या दुर्बळ होतात, हे नुकसान सहजी दिसत नाही.

यावर उपाय आहे, हे महाराष्ट्रानेच दाखवून दिले आहे. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंच परिसरात, भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासाच्या आधारे, प्राण्यांसाठी नऊ मार्ग बांधण्यात आले. त्यांपैकी सर्वांत मोठ्या मार्गाची रुंदी ७५० मीटर आहे. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात तेथील कॅमेऱ्यांनी १८ प्रजातींच्या ५,४५० नोंदी टिपल्या. ११ वाघांनी मिळून ८९ वेळा या मार्गांचा वापर केला. चितळ, नीलगाय, रानडुक्कर यांनीही ते स्वीकारले.

या यशामागील सूत्र साधे आहे. प्राण्यांची नेहमीची वाट आधी शोधावी, मार्ग तेथेच व पुरेसा रुंद ठेवावा, वाहनांचा आवाज व प्रकाश अडवावा, आणि त्याखाली माणसांचा वावर होऊ देऊ नये. रस्ता पूर्ण झाल्यावर हे करणे अवघड व खर्चिक ठरते. म्हणूनच औट्रम घाटाचा कोणताही आराखडा ठरताना प्रवाशांच्या सोयीबरोबर वन्यजीवांची वाटही त्यात आरंभापासून असली पाहिजे. कन्नड व चाळीसगाव परिसरातील नागरिकांनी ग्रामसभांतून ही मागणी वेळीच लावून धरावी. आणि तोवर, रात्री घाट उतरताना वाहनाचा वेग कमी ठेवणे तर आपल्याच हाती आहे.