औंधची चित्रे, आटपाडीची माणसे

संग्रहालयातील मध्यान्हीचे व्याख्यान हा प्रकार आपल्याकडे अद्याप रुळलेला नाही. व्याख्यान म्हटले की संध्याकाळ, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि लांबलेला अध्यक्षीय समारोप हेच आपल्या डोळ्यांसमोर येते. जेवणाच्या सुट्टीतल्या अर्ध्या-पाऊण तासात एखाद्या कलाकृतीविषयी बोलायचे आणि श्रोत्यांनी ते ऐकून आपापल्या कामावर परत जायचे, ही शिस्त निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीने आपला संग्रह वेल्समधील खाणीत हलवला होता. १९४२ साली तिने महिन्याला एकच चित्र परत आणून टांगण्याचा उपक्रम सुरू केला आणि त्या एका चित्रासाठी लोक आले. एक चित्र पुरते, हे ध्यानात आले की दुपारच्या व्याख्यानाचा अर्धा प्रश्न सुटतो.

अलीकडे अशा एका दुपारी औंधच्या संग्रहाविषयीचे व्याख्यान ऐकण्याचा योग आला. संस्थेचे आणि वक्त्यांचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. वक्ते व्यासंगी होते आणि माहिती अचूक होती. पडद्यावर राजा रविवर्मा आले, धुरंधर आले, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती आल्या, हेन्री मूरचे आई-मुलाचे शिल्प आले. ‘कलासक्त राजा’ हा शब्दप्रयोग अनेकदा आला. प्रदेशाचा इतिहास मात्र त्या राजाच्या वंशावळीपाशीच थांबला. माझा आक्षेप येथे आहे. भवानराव पंतप्रतिनिधी कलासक्त होते यात शंका नाही. ते स्वतः चित्रकार होते आणि १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालयाची इमारत उभी राहिली ती त्यांच्याच ध्यासातून. परंतु ‘कलासक्ती’ हा शब्द उच्चारला की पुढचे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही, असा काहीसा समज आपल्या कला-इतिहासात दृढ झाला आहे.

औंधमध्ये चित्र आणि शब्द वेगळे नव्हते. भवानरावांनी रामायण चित्रांतून सांगितले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी पाठबळ दिले, तेव्हा त्यांच्या मनात सचित्र महाभारत होते. वेदाभ्यासक म्हणून आपण ओळखतो ते श्रीपाद दामोदर सातवळेकर मूळचे जे.जे.मध्ये शिकलेले चित्रकार. त्यांचे स्वाध्याय मंडळ औंधलाच सुरू झाले. त्यांच्या लाहोरच्या चित्रशाळेत शिकलेले शंकरराव किर्लोस्कर पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ या मासिकांचे संपादक झाले, आणि ज्या किर्लोस्करवाडीतून ही मासिके निघाली तीही औंध संस्थानातलीच. मराठी नियतकालिकांचा इतिहास शिकवताना आपण वाडीपर्यंत जातो. चित्रशाळेपर्यंत जात नाही.

हा झाला उजेडातला भाग. दुसरा भाग भिंतीवर नाही. औंध हे बहात्तर गावांचे, तुकड्यातुकड्यांत विखुरलेले छोटे संस्थान होते आणि त्यातला आटपाडीचा तुकडा म्हणजे अवर्षणाचा माणदेश. तिथली मेंढरे राखणारी, पावसाची वाट पाहून अखेर गाव सोडणारी माणसे संग्रहालयात शोधून सापडत नाहीत. ती सापडतात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) आणि ‘बनगरवाडी’ (१९५५) मध्ये. ‘बनगरवाडी’त मास्तर धनगरांना हाताशी धरून तालीम बांधतो आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजे येतात. हा प्रसंग वर्गात आपण ‘ग्रामजीवनाचे चित्रण’ या मथळ्याखाली उरकतो. पण सूर्यनमस्काराचा प्रसार हे ज्या राजाचे जीवितकार्य, त्याच्या मुलखात मास्तराला वाचनालय न सुचता तालीम सुचते, हा योगायोग नव्हे. राजाची दृष्टी वाडीपर्यंत कोणत्या रूपाने पोहोचली, याचा तो साहित्यातला पुरावा आहे. त्यानंतर दुष्काळ येतो आणि वाडी रिकामी होते. माडगूळकर स्वतः चित्रे काढणारे लेखक होते, हेही येथे आठवावे. राजाच्या चित्रांत पुराण आहे, माडगूळकरांच्या गद्यात माणसे आहेत. आणि दोन्ही एकाच मुलखाची निर्मिती.

तिसरा आवाज अधिक अवघड आहे. शंकरराव खरात आटपाडीचेच. त्यांच्या ‘तराळ अंतराळ’ (१९८१) या आत्मकथनातली तराळकी, गावकामाची वेठ आणि भाकरीसाठीची वणवण त्याच संस्थानाच्या हद्दीत घडते. याच संस्थानाने १९३९ साली गांधीजींच्या मार्गदर्शनाने प्रजेला राज्यघटना दिली आणि ग्रामपंचायतींच्या हाती कारभार सोपवला. ते कृत्य थोर होते, हे निःसंशय. पण खरात वाचल्यावर ‘प्रजा’ या शब्दात कोण येते हे पुन्हा तपासावे लागते. व्याख्यानात घटनेचा उल्लेख अभिमानाने झाला, खरातांचा झाला नाही. राजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करा असे माझे म्हणणे नाही (तो उद्योग आजकाल फार सोपा झाला आहे). संग्रह उभा राहिला तो ज्या मुलखाच्या सारा-महसुलावर, त्या मुलखाने मागे ठेवलेली साक्ष चाळीस वर्षांहून अधिक काळ मराठीत छापील उपलब्ध आहे. ती न वाचता प्रादेशिक इतिहास सांगता येतो, ही समजूत मला मान्य नाही.

यात दोष एकट्या कला-इतिहासकारांचा नाही. मराठीच्या विभागांनी हा प्रांत आपण होऊन सोडून दिला. ‘ग्रामीण’ आणि ‘दलित’ अशा दोन अभ्यासपत्रिकांत माडगूळकर आणि खरात यांना वाटून टाकल्यामुळे ते एकाच तालुक्याचे आहेत ही साधी गोष्टही विद्यार्थ्याला परीक्षेपर्यंत कळत नाही. सातारा-सांगलीकडच्या विद्यार्थ्याला औंध ठाऊक असते ते यमाईमुळे. डोंगर चढून तो मूळपीठाचे दर्शन घेतो. वाटेवरच्या संग्रहालयात शिरला तर रविवर्म्यासमोर छायाचित्र काढून घेतो.

तेव्हा पुढचे दुपारचे व्याख्यान एखाद्या मराठीच्या प्राध्यापकाने द्यावे. चित्र एकच घ्यावे, पौराणिक असले तरी चालेल. पंधरा मिनिटे चित्रावर बोलावे; उरलेल्या वेळात ‘बनगरवाडी’तला तालमीचा प्रसंग आणि ‘तराळ अंतराळ’मधली दोन-तीन पाने मोठ्याने वाचावीत. वाचून झाल्यावर श्रोत्यांना पुन्हा त्या चित्राकडे पाहायला पाच मिनिटे मोकळी सोडावीत. आभारप्रदर्शन नसले तरी चालेल.