आभाळातून येणारे इंटरनेट : पैसे मोजण्याआधी

पवन मावळात बंगल्यांच्या ग्रिलची आणि शेडची कामे करणारे आमच्या परिचयाचे एक कारागीर परवा विचारीत होते, "भाईजान, छपरावर उपग्रहाची डिश बसवली की दोनशेचा स्पीड मिळतो म्हणतात. घेऊन टाकू का?" त्यांची अडचण खरी आहे. तुंग-तिकोन्याच्या डोंगराआड मोबाईलची रेंज येते-जाते. मुंबईच्या गिऱ्हाईकाला कामाचे व्हिडिओ पाठवायचे तर मोटारसायकल काढून पवनानगर गाठावे लागते. तेवढ्या वेळात ऑर्डर दुसऱ्याकडे जाते.

पण हा दोनशेचा आकडा आला कोठून? जुलै 2025 मध्ये केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्र्यांनी सांगितले की स्टारलिंकला भारतात वीस लाखच ग्राहक घेता येतील आणि वेग दोनशे एमबीपीएस'पर्यंत' राहील. व्यापारी बांधवांनी हा 'पर्यंत' शब्द नीट वाचावा. 'पन्नास टक्क्यांपर्यंत सूट'च्या पाटीवर असतो तोच हा शब्द. दुसरे असे की वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइल बाइटमध्ये मोजतात. एका बाइटचे आठ बिट. म्हणजे दोनशेचा वेग पुरा मिळाला तरी सेकंदाला पंचवीस मेगाबाइटच उतरतील. शिवाय हा आकडा उतरवून घेण्याचा आहे. पाठवण्याचा वेग त्याहून बराच कमी असतो. समजा तो पाच एमबीपीएस मिळाला, तर चाळीस मेगाबाइटचा व्हिडिओ जायला मिनिटाहून थोडे जास्त लागेल. आमच्या मित्राला पाठवायचेच काम अधिक. तेव्हा त्यांनी विचारायचा आकडा दोनशे नव्हे, हा दुसरा.

उपग्रहाची सोय आपल्या जिल्ह्याला नवी नाही. नारायणगावजवळ आर्वी येथे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. पेट्रोल पंपांवर आणि एटीएमवर दिसणाऱ्या व्हीसॅटच्या डिशही याच जातीच्या. ह्यूजेस कंपनीने सप्टेंबर 2022 मध्ये इस्रोच्या जीसॅट-11 आणि जीसॅट-29 उपग्रहांवरून अधिक क्षमतेची सेवा सुरू केली. मात्र हे उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतात, त्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर येण्यास निदान अर्धा सेकंद जातो. बिलाच्या कामाला ते चालून जाते, पण व्हिडिओवर भाव ठरवताना दोघेही एकदम बोलू लागतात. स्टारलिंकचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर फिरतात. तेथे हा विलंब जाणवत नाही. पण ते सतत सरकत असल्याने डिशला मोकळे आकाश लागते. आंब्या-फणसाच्या झाडीत किंवा कड्याला चिकटून असलेल्या घरात जोडणी मध्येच तुटेल.

आणि पाऊस! लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास तो पडतो. या लहरी मुसळधार सरीत क्षीण होतात. जाहिरातीतला वेग कोरड्या आभाळाचा असतो, आणि आपल्याकडे पर्यटकांचा धंदा तर जून ते सप्टेंबर. त्यात एका टापूची क्षमता सर्वांत वाटली जाते. शनिवारी रात्री भोवतालच्या बंगल्यांत मुंबईचे पाहुणे सिनेमे लावून बसले की आपल्या वाट्याला काय उरेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. वीज गेली तर डिशही बंद, म्हणून इन्व्हर्टरचा खर्च त्यात धरावा.

योजनेच्या कागदावर 'अमर्याद' लिहिलेले असले तरी खाली बारीक अक्षरांत एक हद्द असू शकते. ती ओलांडली की वेग खाली येतो. घरगुती योजना दुकानात चालते का, शेजाऱ्यांना पैसे घेऊन वाटता येते का, हेही लेखी घ्यावे.

खरी भीती वेगळीच आहे. 2021 मध्ये स्टारलिंकने परवाना नसतानाच भारतात 99 डॉलर घेऊन नोंदणी सुरू केली होती. नोव्हेंबर 2021 मध्ये सरकारने लोकांना सावध केले आणि पुढे कंपनीला ते पैसे परत करावे लागले. परवाना मिळाला तो जून 2025 मध्ये. डिसेंबर 2025 मध्ये तिच्या संकेतस्थळावर महिना 8,600 रुपये आणि यंत्रासाठी 34,000 रुपये असे दर झळकले. ते चुकीने दिसलेले चाचणीचे आकडे होते, असा खुलासा कंपनीने केला. तेव्हा कुणी दलाल 'आगाऊ बुकिंग' म्हणून हात पुढे करील, तर कंपनीची अधिकृत पावती पाहिल्याखेरीज रुपयाही देऊ नये. बाहेरून चोरून आणलेली डिश तर मुळीच घेऊ नये. विनापरवाना जोडणी गुन्हा ठरते.

आमचे मत स्पष्ट आहे. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगावच्या बाजारपेठेत ज्यांच्या दाराशी फायबर आली आहे, त्यांनी या भानगडीत पडू नये. क्यूआरचा भरणा आणि बिले यांना डेटा नाममात्र लागतो. त्यासाठी आभाळात जायचे कारण नाही. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातील जे कारागीर आणि लॉजवाले खरोखर अडले आहेत, त्यांनी जरूर विचार करावा, पण आधी ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आली आहे का, ते विचारून यावे.

आमच्या मित्राने आता एक अट ठरवली आहे. जो कुणी डिश विकायला येईल त्याने जुलैत, पाऊस लागलेला असताना, शनिवारी रात्री नऊ वाजता त्यांच्या शेडमधून एक व्हिडिओ पाठवून दाखवायचा. पैशांची बोलणी त्यानंतर.