चाके मोजणारी माणसे

आगगाडी स्थानकात शिरली, की बहुतेकांची दृष्टी डब्यांकडे वळते. कारण जागा मिळवावयाची असते. काही थोडी माणसे मात्र इंजिनाजवळ जातात आणि त्याची चाके मोजू लागतात. लोक त्यांना हसतात. मला वाटते, हसणाऱ्यांनी एकदा तरी त्यांच्या शेजारी उभे राहून पाहावे.

इंजिन कोणत्या वाटेने जाणार, हे त्याच्या चाकांवरून पुष्कळसे कळते. आपल्या देशात मेल गाड्या ओढणारे ‘डब्ल्यू. पी.’ जातीचे वाफेचे इंजिन पाहा. त्याला पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी आणि मागे दोन. ओढण्याचे काम मधली सहाच करीत. पुढची चार वेगाने धावणाऱ्या इंजिनाला वळणावर सांभाळून नेत आणि मागची दोन भट्टीचा भार पेलत.

घाटात मात्र हा थाट उपयोगी पडत नाही. बोरघाटात 37 फूट पुढे जाताना रूळ 1 फूट वर चढतात. तेथे वेगापेक्षा रुळांवरची पकड महत्त्वाची. आणि जे चाक स्वतः ओढत नाही, त्यावर पडलेले वजन पकडीच्या कामी येत नाही. म्हणून 1928 पासून घाटात मालगाड्या ओढण्यासाठी जी विजेची इंजिने आली, त्यांची बाराच्या बारा चाके ओढणारी होती. पण बारा चाके एकाच ताठ सांगाड्यात बसविली, तर इंजिन वळणार कसे? तेव्हा त्याचे तीन भाग केले : मध्ये चालकाची खोली आणि दोहो बाजूंस दोन लांबट नाके. प्रत्येक नाकाखाली दांड्यांनी जोडलेली सहा चाके. वळण आले, की नाके आपापली वळत. घाट उतरताना हीच इंजिने वीज उत्पन्न करून वरच्या तारेत परत सोडीत!

गोटहार्डच्या डोंगरी मार्गावरील अशाच घडणीच्या इंजिनाला स्वित्झर्लंडमधील लोक ‘मगर’ म्हणत. आपल्या लोकांनी याला ‘खेकडा’ म्हटले. नाव प्रेमाचे आहे. परंतु कोणी त्याला बेढब म्हटले, तर तो मला अन्याय वाटतो. घाटाने जे अंग मागितले, तेच त्याला मिळाले.

अशी 41 इंजिने आली होती. त्यांतील एक आता दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. त्याच्या लांब नाकाला हसून कोणी पुढे जाईलही. चाके मोजणारा मात्र थांबतो, वाकतो, सहा आणि सहा बारा मोजतो. आणि दिल्लीच्या त्या सपाट जमिनीवर त्याला बोरघाटाचा चढ दिसू लागतो.