यादी लागेपर्यंत लेकराला सांभाळा

नीटचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत पेढे वाटले जातात आणि त्याच रात्रीपासून लेकरांची झोप उडते. "दिल्लीच्या एम्सला लागेल का गं?" असे मावशी, आत्या, शेजारी सगळेच विचारतात. मुलगी मोबाईलवर मागच्या वर्षीचा कटऑफ पुन्हा पुन्हा बघत बसते. भिवंडीत रात्रभर मागांची खडखड, एकच खोली, वडील गोदामात रात्रपाळीला. अशा घरात काळजी बोलून दाखवायलाही कोपरा नसतो.

आम्ही अनेक वर्षे वॉर्डात नर्स म्हणून काम केले, आता वस्तीत फिरतो. या दिवसांत पोटात गोळा येतो, छातीत धडधडते, जेवण जात नाही, असे सांगणारी मुले भेटतात. घरचे अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन मोकळे होतात. आमचे मत स्पष्ट आहे : हे नाटक नाही, कमजोरीही नाही. यातली अर्धी काळजी कागद आणि माहिती नसल्याची असते. ती लेकराने का वाहायची? ती घराने आणि वस्तीने उचलावी.

पहिले, जातीचा दाखला. केंद्राच्या संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. 1990 च्या कायदादुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण दाखल्यावर मूळ अनुसूचित जातीचे नाव लागते, नुसते 'बौद्ध' लिहिलेले असेल तर अडचण येते. यादी लागल्यावर प्रांत कार्यालयाच्या खेपा घालू नका, आताच काढून ठेवा.

दुसरे, जागांचा हिशेब. सरकारी मेडिकल कॉलेजांच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात असतात, त्यात अनुसूचित जातींना 15 टक्के आरक्षण आहे. प्रवेशाच्या फेऱ्या एकापेक्षा जास्त होतात. पहिल्या यादीत नाव नाही म्हणजे सगळे संपले, असे नसते. पसंतीक्रम भरताना राज्यातली कॉलेजेही भरा.

तिसरे, पैसा. 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादला जागा मिळाली. 17,500 रुपये वेळेत भरता आले नाहीत आणि जागा गेली. सर्वोच्च न्यायालयाने ती परत मिळवून दिली. प्रत्येकाला कोर्टात जाता येत नाही. म्हणून आमचे म्हणणे आहे की विहाराच्या कमिटीने जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम प्रवेशासाठी बाजूला ठेवावी. शिष्यवृत्ती नंतर येते, फी आधी भरावी लागते.

उरलेली काळजी वाट पाहण्याची. त्यात लेकराला सोबत हवी. रोज रँक विचारू नका. रात्री मोबाईल बाजूला ठेवायला सांगा, सकाळी थोडे चालायला न्या, वेळेवर जेवू घाला. "वस्तीचे नाव काढ" हे ओझे त्याच्या डोक्यावर देऊ नका.

बाबासाहेबांचेही शिक्षण सरळ रेषेत झाले नाही. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. 1920 मध्ये ते पुन्हा गेले आणि पदवी घेऊनच आले. तीन वर्षे लांबली म्हणून वाट बंद झाली नाही. आम्ही स्वतः नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या आहोत. ज्या कॉलेजात जायचे होते तिथे नंबर लागला नाही, तरी त्या डिप्लोमावरच घर चालले आणि माणसेही वाचवली.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. मूल गप्प झाले, आपल्या वस्तू वाटू लागले, "माझा काय उपयोग" म्हणू लागले, तर जवळ बसा आणि सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तसा विचार डोक्यात येत नाही, उलट मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेलीमानस सेवेचा 14416 हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येते. नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात अर्धा तास थांबा. ज्यांच्या घरी यंदा नीट दिलेले मूल आहे, त्यांनी कागदांची पिशवी घेऊन यावे. आपण एकत्र बसून तपासू.