गायरान कसणारीचं नाव



वऱ्हाडात गायरानाला ‘ई-क्लास’ म्हणतात. सरकारी दप्तरातला हा शब्द आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी बसला आहे, कारण या जमिनीशी रोजचा संबंध त्यांचाच. शेण वेचायचं, सरपण आणायचं, तरोट्याची भाजी खुडायची, शेळ्या चारायच्या. बड्या शेतकऱ्याचं गायरानावाचून अडत नाही. भूमिहीन बाईचं अडतं.

या जमिनीचा इतिहास आपण पुरुषांच्या लढ्याचा म्हणूनच ऐकत आलो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. लाखो माणसं तुरुंगात गेली. त्यांत कडेवर मूल घेतलेल्या बायाही होत्या. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंत दलित-आदिवासींनी गायरानावर केलेली वहिती नियमित करायचं ठरलं. पुरावा काय, तर पंचनामा, पिकाची नोंद, अतिक्रमणाच्या दंडाची पावती. ज्या कागदाने गुन्हेगार ठरवलं, तोच हक्काचा कागद झाला!

पण पावती कुणाच्या नावची? दगडगोटे वेचून जमीन वाहितीखाली आणली दोघांनी, निंदण-खुरपण केलं तिने, तलाठ्याने नाव लिहिलं त्याचं. तो वारला किंवा दुसरी करून निघून गेला, की पहिल्यांदा दीर धुऱ्यावर येऊन उभा राहतो. विधवा आणि टाकलेल्या बायांच्या अशा तक्रारी आमच्याकडे वरचेवर येतात. त्यांच्या हाती कागद नसतो, आणि कागदावाचून कचेरीत कुणी ऐकून घेत नाही.

दूर ऑस्ट्रेलियात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. वेव्ह हिल हे तिथल्या गुरिंदजी आदिवासींच्या जमिनीवर उभं राहिलेलं, एका ब्रिटिश कंपनीचं अवाढव्य गुरांचं ठाणं. पुरुष गुरं राखत, बाया मालकांच्या घरी राबत. २३ ऑगस्ट १९६६ ला सुमारे दोनशे माणसं, बायकापोरांसह, काम सोडून निघाली. वरवर मजुरीचा वाटलेला संप जमिनीच्या मागणीवर आला, आणि १९७५ मध्ये पंतप्रधान व्हिटलम यांनी विन्सेंट लिंगियारींच्या ओंजळीत माती घातली. त्या मातीचा फोटो जगभर गेला. मालकांच्या घरातून निघून आलेल्या मोलकरणी त्यात नाहीत.

आपल्याकडे वनहक्क कायद्याने (२००६) एक चांगली गोष्ट केली : विवाहितांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या आदिवासी बायांना तो आधार आहे. मग गायरानाच्या प्रत्येक पट्ट्याला हाच नियम का नाही?

प्रश्न आता तातडीचा आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणं हटवायला सांगितलं. भूमिहीन मजूर आणि दलित-आदिवासींना सरकारने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्याच निकालात आहे, पण नोटीस बजावणारा तो वाचून दाखवत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने वर्षअखेरची मुदत घातली आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. दुसरीकडे २०२३ पासून सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गायरानं दिली जात आहेत. तिथे मात्र चराईची आठवण कुणाला होत नाही.

एक अवघड गोष्ट आपणही टाळतो. एकीने गायरान वाहितीत आणलं की दुसरीच्या शेळ्यांचं रान कमी होतं. दोघी गरीब, बहुधा एकाच वस्तीतल्या. मला वाटतं, हा वाद तलाठ्यावर सोडू नये. किती रान चराईला ठेवायचं, किती कसायचं, हे महिला ग्रामसभेत बसून बायांनीच ठरवावं, आणि धनदांडग्यांनी दाबलेलं गायरान आधी मोकळं करून मागावं.

आपापल्या गावच्या गटांनी पत्र्याच्या पेट्यांतल्या पावत्या आणि पंचनामे बाहेर काढून त्यांच्या झेरॉक्स करून ठेवाव्यात. प्रत्यक्ष कसणारी कोण, याची यादी ग्रामसभेच्या ठरावात नोंदवून घ्यावी. आणि काय घडलं ते पुढच्या अंकासाठी आम्हाला जरूर कळवावं.