मापाडी कोणाचा?



"न्यायाधीशही मतानेच निवडावा, मग गरिबाला न्याय मिळेल," असे म्हणणारे गावोगाव भेटतात. कोर्टाच्या तारखांनी पिचलेल्या माणसाला ते पटतेही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ही पद्धत आहे. तिथे काय घडते ते आधी समजून घेऊ.

विस्कॉन्सिन हे दूधदुभत्याचे राज्य. तिथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयात सात न्यायाधीश. प्रत्येकाला जनता १० वर्षांसाठी निवडते. १ एप्रिल २०२५ रोजी एका जागेसाठी मतदान झाले. उभे होते दोन स्थानिक न्यायाधीश: डेन काउंटीच्या सुझन क्रॉफर्ड आणि वॉकेशा काउंटीचे ब्रॅड शिमेल. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नाही. खर्च मात्र १० कोटी डॉलरच्या घरात! न्यायाधीशाच्या निवडणुकीवर अमेरिकेत एवढा पैसा कधीच ओतला गेला नव्हता.

शिमेल यांच्यासाठी उद्योगपती इलॉन मस्क आणि त्यांच्या पैशावरच्या संघटनांनी २ कोटी डॉलरहून अधिक खर्च केले. मतदानाच्या दोन दिवस आधी ग्रीन बेच्या सभेत मस्क यांनी दोन मतदारांना १०-१० लाख डॉलरचे धनादेश दिले. त्याच वर्षी जानेवारीत त्यांच्या टेस्ला कंपनीने, मोटारी थेट विकू द्या म्हणून त्याच राज्यात दावा लावला होता!

क्रॉफर्ड जिंकल्या. पण "पैसा हरला" म्हणून टाळ्या पिटू नका. त्यांच्या बाजूलाही सोरोस, प्रिट्झकर यांच्यासारख्या अब्जाधीशांचे लाखो डॉलर पक्षामार्फत आलेच होते.

खरी मेख पुढे आहे. देणगीदाराचा खटला समोर आला तर न्यायाधीशाने बाजूला व्हावे की नाही? केवळ देणगी घेतली म्हणून बाजूला होण्याची गरज नाही, असा नियम या न्यायालयाने २०१० मध्ये केला. तो कडक करा, अशी मागणी ५४ निवृत्त न्यायाधीशांनी केली. २०१७ मध्ये ती फेटाळली गेली.

याचा परिणाम काय होतो ते वेस्ट व्हर्जिनियात दिसले. ह्यू कॅपर्टन या छोट्या खाणमालकाने मॅसी या बलाढ्य कोळसा कंपनीविरुद्ध ५ कोटी डॉलरचा निकाल मिळवला. अपील व्हायचे होते. २००४ च्या निवडणुकीत मॅसीच्या प्रमुखाने ब्रेंट बेंजामिन यांच्यासाठी सुमारे ३० लाख डॉलर खर्चले. ते निवडून आले, खटल्यात बसले, आणि ३ विरुद्ध २ मतांनी कॅपर्टनचा निकाल उलटला. २००९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेंजामिन यांनी बाजूला व्हायला हवे होते असे ठरवले. तेही ५ विरुद्ध ४ अशा काठावरच्या मतांनी.

कापसाची गाडी बाजारात नेणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. मापाडी व्यापाऱ्याच्या पैशावर उभा असला, की काटा मारला जाणारच. रोज मारलाच पाहिजे असेही नाही. मारता येतो एवढे पुरे. मापाडी हात वर करून निवडला, म्हणून काटा खरा होत नाही.

आपल्याकडची नेमणुकीची पद्धत निर्दोष आहे, असा याचा अर्थ नाही. बंद दाराआडच्या निवडीवर बोट ठेवलेच पाहिजे. पण मतपेटी आणली म्हणजे न्याय आला, या भुलीत राहू नका. ज्याच्याकडे थैली, त्याचाच प्रचार. आणि कोरडवाहू शेतकऱ्याकडे थैली कधी होती?

म्हणून मागणी करायची तर आधी ही करा: ज्याचे मीठ न्यायाधीशाने खाल्ले, त्याच्या खटल्यात त्याने बसू नये. न्यायाधीश नेमलेला असो की निवडलेला.